साधा ओरखडा

"ताई, आमच्या अख्ख्या ग्रुपने या रेसिंग गेमच्या नव्या भागावर बहिष्कार टाकलाय आणि तू तोच विकत आणलास? माझ्याच घरात फितुरी!" धाकटा भाऊ टीव्हीसमोर आडवा उभा राहिला. "अगं, यात गाडी कुठेही आदळली तरी साधा ओरखडा उठत नाही. वाट लावली गेमची! जुन्या भागांत एक चूक झाली की खेळ खलास. त्याला म्हणतात खरं ड्रायव्हिंग."

"ते मी सकाळी सहा ते दोन करून आलेय," गणवेशाची कॉलर सैल करत ताई म्हणाली, "बसमध्ये साठ माणसं घेऊन. चल, सरक आता. गेममधली ती समोरची भिंत अजून शाबूत आहे."