सिद्धेशच्या बाजूने

“सपोर्ट तर गुडघ्याला बांधतात,” शकू म्हणाली. “दुसरा शब्द दे.”

शेजारची रचना कॉलेजात इंग्रजी शिकत होती. कोपर स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत सकाळपासून ती शकूमावशीला एकच वाक्य बसवून देत होती. आज ठाण्याच्या ऑफिसात सिद्धेशची चौकशी होती. तो कंपनीची बस चालवायचा आणि टेंभी नाक्यावर त्याच्या बसखाली एक मुलगा गेला होता. नोकरी राहते की जाते, ते आज ठरणार होतं. साहेबांना मराठीचा गंधही नव्हता. बाकीचं कारकून सांगेल, पण मनातलं एक वाक्य थेट साहेबांच्या कानी घालायचं, हा शकूचा हट्ट.

“मग डिफेन्ड?”

“म्हणजे?”

“बचाव करायचा. चूक याची नाही, दुसऱ्याची आहे, असं दाखवायचं.”

शकूने पदराने तोंड पुसलं. “चूक दुसऱ्याचीच होती. पण हा शब्द वकिलाचा वाटतो गं.”

“मावशी, तो मुलगा फोनवर होता, हेपण बोलणार तू?”

“बोलणार. समोरच्या फुटपाथवर मीच उभी होते ना! सिद्धेशने ब्रेक किती जोरात दाबलेला, ते मी पाहिलंय.”

रचनाचे डोळे भरून आले. “मग ‘स्टँड बाय’ म्हण. कुणी नसलं तरी आपण त्याच्या बाजूला उभं राहायचं.”

“हां. हा बरा आहे.”

सिद्धेश ऑफिसच्या दारात ताटकळत होता. अपघातापासून तो धड जेवत नव्हता, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. त्याला पाहून शकूचा जीव तुटला. तिने पिशवीतून इस्त्रीचा निळा शर्ट काढला.

“हा घाल. चुरगळलेल्या कपड्यांत आत जाऊ नको.”

“नको ना...” तो मागे सरकला.

“घाल म्हणते ना रे!”

शर्ट खांद्यांत सैल पडला. शकूने स्वतः बटणं लावली. शेवटच्या बटणावर तिचा हात उगाच रेंगाळला.

आत तिने फोनचं सांगितलं, ब्रेकचं सांगितलं. कारकून इंग्रजीत सांगत गेला. मग ती उठून उभी राहिली.

“आय स्टँड बाय सिद्धेश.”

साहेब कारकुनाशी हळू आवाजात काही बोलले. कारकून ओशाळून म्हणाला, “बाई, साहेब म्हणतात, आई आपल्या मुलाची बाजू घेणारच.”

शकूने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

“सिद्धेश माझा मुलगा नाही, साहेब. बसखाली गेला तो माझा दिपेश. त्याला फोन मीच केला होता.”