कपिलेचा बिल्ला

“करणारा गाळला तरी इंग्रजीचं वाक्य उभं राहतं, पोरांनो,” तलवाड्याच्या शाळेतले गुरुजी सांगायचे. तेवढं एक व्याकरण मला जन्मभर पुरलं.

दुष्काळात आमच्या दूध सोसायटीनं चारा छावणी घातली. मी सेक्रेटरी. कानात बिल्ला असेल त्याच जनावराला दावणीला जागा. कडूबाईच्या कपिलेच्या नावानं सोसायटीत आलेला बिल्ला ऐनवेळी सापडला नाही, म्हणून गाय फाटकावरून माघारी गेली. वाटेत बसली ती उठलीच नाही. चौकशी आली तेव्हा मी अहवालात लिहिलं, ‘टॅग वॉज लॉस्ट. एन्ट्री वॉज रिफ्यूज्ड.’ साहेबांनी मान डोलावली.

कडूबाई तोच कागद घेऊन माझ्या ओट्यावर आली.

“वाच की बाबा, काय लिवलंय?”

“बिल्ला हरवला गेला. गाय आत घेतली गेली नाही.”

“कुनी हरवला? कुनी घेतली न्हाई?”

“तसं लिहीत नसतात, मावशी.”

“मंग समदं आपोआपच झालं म्हन की! माजी कपिला बी आपोआपच मेली व्हय?”

मी कागद बाजूला ठेवला आणि घरच्या बोलीत सांगून टाकलं.



“तिचा बिल्ला म्या चेअरमनच्या बैलाला मारला, मावशे. फाटक बी म्याच लावलं.”