हनुवटी खाली

"आ करा, बाबा." मुलाने चौथ्यांदा सांगितलं. बाबांनी ओठ आणखी घट्ट मिटले.

वाटीत गुळगुळीत घोटलेला बटाटा होता. अर्धांगवायूने बाबांची एक बाजू नेली होती, जीभ जड केली होती आणि गिळणं अवघड करून ठेवलं होतं. अकरा वाजता नर्स येणार होती. तोवर वाटी रिकामी झाली नाही तर नाकातून नळी. ती बाबांनी दोनदा उपसून फेकली होती, दुसऱ्यांदा रक्तासकट. आता त्यांचा चांगला हात पलंगाला बांधायचं ठरलं होतं.

मुलाने त्यांचा जबडा धरला. दोघेही न्हावी. बापाने चाळीस वर्षं आणि मुलाने वीस, लोकांच्या हनुवट्या वर उचलून दाढ्या केल्या होत्या. नर्सने कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, हनुवटी खाली, छातीकडे, नाहीतर घास श्वासनळीत जाईल. पण हाताला कुठलं कळतंय! हाताने सवयीने हनुवटी वर उचलली आणि चमचा आत कोंबला.

बाबांनी अंगठा चावला. चावला आणि धरून ठेवला.

"सोडा! अहो, सोडा! सोड, थेरड्या!" मुलाने दुसऱ्या हाताने खाडकन थोबाडीत दिली.

अंगठा सुटला आणि घास नको तिकडे गेला. बाबांचा आवाजच बंद झाला, चेहरा काळानिळा पडला. मुलाने त्यांना पुढे वाकवून पाठीत तळहाताने मारायला सुरुवात केली. आपण याला वाचवतोय की मारतोय, हे त्याचं त्यालाच कळेना. पाचव्या फटक्याला गोळा चादरीवर पडला. बाबांनी घर्रकन श्वास ओढला आणि ते खोकत सुटले.

मुलगा पलंगाशी खाली बसून हमसाहमशी रडायला लागला. "मला नाही जमत, बाबा. नर्सला घालू दे नळी."

बाबांचा चांगला हात खाली आला. त्यांनी मुलाचे केस मुठीत धरले आणि डोकं खसकन खाली दाबलं, हनुवटी छातीला टेकेपर्यंत. मानेवरचे केस कापताना ते असंच दाबायचे. लहानपणी तो जरा हलला की कंगवा टाळक्यात बसायचा. आज कंगवा नव्हता, पण मूठ सुटेना.

खोकला थांबल्यावर मूठ सैल झाली आणि मुलगा उठला. अंगठ्याला फडकं गुंडाळलं. या वेळी त्याने हनुवटीला हातच लावला नाही. गिऱ्हाइकाची मान कोरताना ठेवतो तसा तळहात डोक्यामागे ठेवला आणि हलकेच पुढे दाबला. अर्धा चमचा. बाबांचा कंठ वर गेला, खाली आला. मग पुढचा अर्धा.

अकराला आलेल्या नर्सने रिकामी वाटी पाहिली, मग बाबांच्या गालावर उमटलेली बोटं पाहिली. हातातली नळीची पिशवी तिने खाली ठेवली नाही.

"काका, खरं सांगा. कोणी मारलं?"

मुलगा फडक्याकडे बघत राहिला. बाबा एकेक शब्द ओठांपर्यंत लोटत होते.

"मी," ते म्हणाले. चांगल्या हाताने मुलाच्या अंगठ्याकडे बोट केलं. "आधी... मी."