दहीभाताचा डबा

"उंबऱ्याच्या भाईर पाऊल टाकलंस तर बघ!" सारजाच्या सासऱ्यांनी, सिद्धूआबांनी दारात काठी आडवी धरली.

सारजाच्या हातात दहीभाताचा डबा होता. शेळगावात तिच्या बहिणीच्या पोराला गोवर आला होता. गोवर म्हणजे देवी घरी आली, तिला दहीभात घेऊन भेटायला जायचंच, ही निरवांगी गावाची रीत. त्यात सारजाला दुसरा महिना. देवीचा मान चुकला आणि पोटातल्या जिवावर बेतलं म्हणजे?

"आबा, सख्ख्या बहिणीचं पोर हाय वं!"

"असंल. न्हाय म्हंजे न्हाय."

सासू बनाबाई चुलीपुढून कडाडली, "देवीशी वैर धरता व्हय? एकदा भोगलं ते पुरं न्हाय झालं?"

भोगलं म्हणजे मल्हार, तिचा मुलगा, सारजाचा नवरा. जन्माचा ठार बहिरा. बनाबाईच्याच हातून देवीचं काही चुकलं, असं अख्खा गाव म्हणायचा. तिलाही ते पटलं होतं. नवस बोलून बावीस वर्षं ती अनवाणी हिंडत होती.

आबा हलले नाहीत. पंधरा दिवस दारातच बाज टाकून बसले. काय माणूस म्हणायचा का दगड! सारजानं त्यांच्या नावानं मनातल्या मनात किती बोटं मोडली, तिचं तिलाच ठाऊक.

शहाण्णवच्या पोळ्याला तिला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी आबांनी खुंटीवरची मेंढराच्या गळ्यातली जुनी घंटा काढली. पाळण्याच्या मागं उभं राहून जोरात वाजवली.

छकुली दचकली आणि भोकाड पसरून रडायला लागली. मल्हारला काही ऐकू आलं नाही, पण पोरीचं तोंड बघून तो लहान पोरागत नाचला.

आबांनी घंटा खाली ठेवली. "बने, देवीचा काय बी राग न्हवता. मल्हार पोटात व्हता तवा तुला गोवर उठला, त्यो जर्मन गोवर व्हता, त्यानंच त्येचं कान गेलं. बारामतीच्या डाक्टरनं मला कवाच सांगितलं व्हतं."

"मग बोलला का न्हाय?"

"माज्या बहिणीच्या घरी गोवर व्हता. दहीभात घिऊन तुला मीच धाडलं व्हतं."

बनाबाईनं पाळण्याला झोका दिला. डोळे पुसले. मग उठली आणि दारातल्या आबांच्या वहाणा पायात सरकवून गावाला बारशाचं आवतण द्यायला निघाली.

"आता बावीस वर्सं तुमी हिंडा अनवाणी!"