नवी लाइन

दसऱ्याचं हळदकुंकू अजून अंगावर असलेल्या राऊटरची वायर अण्णांनी दाबून बसवली. कॅनडातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल दर रविवारी मध्येच तुटायचा, म्हणून कालच त्यांनी नवी लाइन ओढून घेतली होती.

"सौमित्र, आता काही तुटत नाही बघ!" मग आवाज खाली आणत त्यांनी विचारलं, "पुढच्या सोमवारी आईचं ऑपरेशन आहे. येतोयस ना रे?"

मुलाने नजर वळवली. "हॅलो... अण्णा, आवाज तुटतोय..." पडदा काळा झाला.

अण्णांनी राऊटरकडे पाहिलं. हिरवा दिवा शांतपणे तेवत होता.

"पुन्हा गेलं का हो नेट?" पदराला हात पुसत बायको स्वयंपाकघरातून येत होती.

ती पोचायच्या आत अण्णांनी भिंतीवरचं राऊटरचं बटण बंद केलं.

"हो ना. येतो म्हणतच होता गं, तेवढ्यात गेलं."