जास्तीचं पान

सर्वपित्रीला शर्वरीने एक पान जास्तीचं वाढलं.

“हे कुणाचं गं?” सासूबाईंनी विचारलं.

“निरंजनच्या धाकट्या भावाचं. विहिरीत बुडालेल्या.”

“भलतंच काय! निरंजन एकुलता एक आहे.”

शर्वरीने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाआधी त्यानेच रडत रडत हे सांगितलं होतं, घरी विषय काढू नकोस म्हणून बजावलंही होतं. त्या भरात तीही बोलून गेली होती: तिचे वडील गेले त्या दिवशी तिने त्यांचा फोन मुद्दाम उचलला नव्हता.

“तू मोकळी होत नव्हतीस,” निरंजन ओशाळून म्हणाला. “म्हणून काय बोलायचं ते सुचवणाऱ्या या कानातल्या यंत्राने ती गोष्ट रचून दिली. पण तुझ्यावरचं प्रेम...”

तो अडखळला. कानामागचा हिरवा दिवा लुकलुकला. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते मात्र माझं स्वतःचं आहे.”