तांब्याला टेकवलेला फोन

जर्मनीहून शिकून परत आल्यापासून प्रज्ञाला अंथरुणातून उठावंसंच वाटत नव्हतं. जळगावच्या आपल्याच घरात तिला पाहुण्यासारखं अवघडल्यागत होई. ताटातलं भरीत निवून जाई आणि तिची आई, द्रौपदाबाई, ताट उचलून नेई.

प्रज्ञा तिकडे असताना आईचा एक नेम होता. दुपारी जेवायला बसली की फोन तांब्याला टेकवून ठेवायची आणि समोर लेकीला बघत बघत घास घ्यायची.

आज दुपारी स्वयंपाकघरातून आईचं हसू ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी.

"जेवलीस का गं माय?" आई विचारत होती.

"जेवले गं. पण तुझ्या हातचं भरीत आठवतं बघ."

आवाज प्रज्ञाचाच होता.

तिने घाबरून उशीखाली हात घातला. तिचा फोन तिथेच होता, बंद पडलेला.

भिंत धरत धरत ती दारापर्यंत गेली. तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये तिची जर्मनीतली खोली दिसत होती, आणि खिडकीशी बसून ती स्वतःच मनमोकळी हसत होती.

आईची पाठ दाराकडे होती. तिने फोन जवळ ओढला आणि आवाज अगदी खाली आणला.

"आल्यापासून बोलत नाही, जेवत नाही. मला तर भीतीच वाटते तिची. तुझ्या खोलीत तिला अजून किती दिवस ठेवू? तू लवकर ये ना, माय."